गावच्या घरचा टीव्ही आणि हातातला फोन जाहिरातींपासून कसा राखावा

गणपतीच्या तोंडावर चिपळूण, रत्नागिरी, कुडाळच्या बाजारपेठांत टीव्हींची खरेदी जोरात असते. चाकरमानी गावच्या घरासाठी बहुधा ३२ इंची स्मार्ट टीव्ही घेतात. पैसे पूर्ण मोजलेले, बिल आपल्या नावावर. पण शिमग्याला टीव्ही लावावा तर पडद्याचा वरचा अर्धा भाग कुठल्यातरी वेबसिरीजच्या जाहिरातीने व्यापलेला, आणि आजीला सह्याद्री वाहिनी सापडत नाही. हा बिघाड नव्हे. टीव्ही नेटला जोडलेला असेल तर कंपनी अपडेट पाठवून त्याचा मुख्य पडदा हवा तसा बदलू शकते.

त्यामुळे ‘यात जाहिराती येत नाहीत’ हे दुकानदाराचे म्हणणे खरे असले तरी त्या दिवसापुरतेच. एनव्हिडियाचा शील्ड हा चांगला महागडा टीव्ही बॉक्स. जून २०२१ च्या अपडेटनंतर त्याच्यावर मोठमोठे जाहिरातवजा फलक दिसू लागले, तेही आधीच विकल्या गेलेल्या बॉक्सवर. सप्टेंबर २०२५ मध्ये सॅमसंगने अमेरिकेत पडदा असलेल्या फ्रिजवर जाहिराती दाखवायचा प्रयोग जाहीर केला. लोकांनी फ्रिज घेतले तेव्हा त्यात त्या नव्हत्या. यामागचे गणित उघड आहे. शाओमीने २०१८ मध्ये सांगूनच टाकले की हार्डवेअरवरचा निव्वळ नफा ५ टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही. मग बाकीची कमाई इंटरनेट सेवांतून, आणि त्यात जाहिराती आल्याच. कंपनी आज काय म्हणते यापेक्षा ती वस्तू काय करूच शकत नाही, यावर विसंबणे बरे.

दुकानात

दुकानातला टीव्ही बहुधा ‘स्टोअर मोड’वर असतो. त्यात समुद्र, फुले, रंगीत मासे दिसतात; खरा मुख्य पडदा दिसतच नाही. दुकानदाराला तो मोड बंद करून टीव्ही स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडायला सांगा आणि पडदा पाच मिनिटे बघा. फक्त डिश किंवा केबलच पाहायची असेल तर साधा, स्मार्ट नसलेला टीव्ही मागा. लहान आकारात तो अजून मिळतो, आणि आमच्या मते वर्षातून दोनदा उघडणाऱ्या घरासाठी तोच सगळ्यात चांगला.

पहिल्यांदा चालू करताना

खरी लढाई इथेच जिंकता येते, आणि नेमकी इथेच आपण घाईत ‘ॲग्री टू ऑल’ दाबतो.

१. टीव्ही ‘गुगल टीव्ही’ या गुगलच्या प्रणालीवर चालणारा असेल तर सुरुवातीला दोन पर्याय येतात: ‘सेट अप गुगल टीव्ही’ आणि ‘सेट अप बेसिक टीव्ही’. दुसरा निवडा. डिश, केबल, पेन ड्राइव्ह, एचडीएमआय सगळे चालते. ॲप आणि शिफारशींचा पडदा येत नाही. पुढे मन बदलले तर सेटिंग्जमधून पूर्ण गुगल टीव्ही करता येतो.

२. वाय-फाय विचारले की ‘स्किप’ करा. एकदा दिलेला पासवर्ड टीव्ही लक्षात ठेवतो, म्हणून ‘फक्त एकदाच जोडतो’ म्हणून भाच्याचा हॉटस्पॉट देऊ नका. दिलाच असेल तर नेटवर्क सेटिंग्जमध्ये जाऊन ‘फरगेट’ करा.

३. करारांच्या यादीत वापराच्या अटी मान्य कराव्याच लागतात. बाकीच्या खुणा काढता येतात. सॅमसंगमध्ये ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ आणि ‘इंटरेस्ट-बेस्ड ॲडव्हर्टायझिंग’ या दोन, एलजीमध्ये ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन’ आणि जाहिरातींची खूण.

या ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन’कडे हलके पाहू नका. टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे ठसे घेऊन तुम्ही काय बघता ते कंपनीला कळवतो. सेट-टॉप बॉक्समधून आलेले चित्रही यातून सुटतेच असे नाही. अमेरिकेत विझिओ कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींवर परवानगी न घेता हेच केले आणि २०१७ मध्ये तिला २२ लाख डॉलर मोजावे लागले.

टीव्ही आधीच नेटवर असेल तर

गुगल टीव्हीवर सेटिंग्ज > अकाउंट्स > आपले खाते उघडा आणि ‘ॲप्स ओन्ली मोड’ चालू करा. शिफारशींच्या रांगा जातात, ॲप राहतात. वरचा फलक मात्र काही टीव्हींवर उरतो. जुन्या अँड्रॉइड टीव्हीवर ‘अँड्रॉइड टीव्ही होम’ या ॲपची अपडेट अनइन्स्टॉल केली की जुना पडदा परत येऊ शकतो. पण प्ले स्टोअरमधले ऑटो-अपडेट बंद केले नाही तर काही दिवसांत पुन्हा तेच.

ॲमेझॉनच्या फायर टीव्हीवर सेटिंग्ज > प्रेफरन्सेस > फीचर्ड कंटेंट इथे व्हिडिओ आणि आवाजाचा ‘ऑटोप्ले’ बंद करा. जाहिरात जात नाही, पण आपोआप वाजायची थांबते. गावात याचे मोल जास्त: एचडी व्हिडिओ तासाला सुमारे ३ जीबी खातो, म्हणजे रोजचा दीड जीबीचा पॅक अर्ध्या तासात संपतो. तो जाहिरातीवर का घालवायचा?

वीज जाऊन आली की सॅमसंग आणि एलजी टीव्ही पुष्कळदा थेट जाहिरातींच्या पडद्यावर उघडतात. सॅमसंगमध्ये ‘ऑटोरन स्मार्ट हब’ आणि एलजीत ‘होम ऑटो लाँच’ बंद केले की टीव्ही शेवटच्या इनपुटवर, म्हणजे डिशवर, उघडतो. पावसाळ्यात दिवसातून चारदा वीज जाते तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी ही एक खूण सगळ्यात उपयोगी.

फोन

फोनला नेटपासून तोडता येत नाही, आणि यूपीआय वापरणाऱ्याने सुरक्षेची अपडेट टाळूही नये. म्हणून इथे खुणा काढत बसावे लागते. शाओमी, रेडमी, पोको: सेटिंग्ज > पासवर्ड्स अँड सिक्युरिटी > ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन > ‘एमएसए’ (फोनमध्ये जाहिराती आणणारे शाओमीचे ॲप) बंद. नेट चालू लागते, दहा सेकंद थांबावे लागते, आणि बऱ्याचदा ‘जमले नाही’ असा संदेश येतो. तीन-चारदा पुन्हा करा, होते. शिवाय फाइल मॅनेजर, डाउनलोड्स, थीम्स या प्रत्येक ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘रेकमेंडेशन्स’ किंवा ‘ॲड्स’ वेगळे बंद करावे लागते. लॉक स्क्रीनवर रोज बदलणारी चित्रे येत असतील तर ती बहुधा ‘ग्लान्स’ या लॉक स्क्रीनवर मजकूर दाखवणाऱ्या सेवेची, लॉक स्क्रीन किंवा वॉलपेपरच्या सेटिंग्जमध्ये बंद होतात. कोणत्याही अँड्रॉइड फोनवर सेटिंग्ज > गुगल > ॲड्स > ‘डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी’ हेही करून टाका.

जाहिराती राउटरवरून अडवायच्या असतील तर डीएनएसच्या (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) रकान्यात ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५ हे ॲडगार्ड या जाहिराती अडवणाऱ्या सेवेचे आकडे भरा. घरातल्या सगळ्या यंत्रांना ते लागू होतात. यूट्यूबच्या जाहिराती मात्र यातून थांबत नाहीत, कारण त्या व्हिडिओ येतात तिथूनच येतात. काही टीव्ही स्वतःचाच डीएनएस वापरतात, त्यांच्यावरही उपाय चालत नाही. एखादे ॲप अडले तर आकडे काढून ‘ऑटोमॅटिक’ करून पाहा. होमस्टे चालवणाऱ्यांनी पाहुण्यांच्या वाय-फायवर हे लावण्याआधी एक दिवस स्वतः वापरून बघावे.

तक्रारीची तयारी आधीच

टीव्ही आणल्याच्या दिवशी मुख्य पडद्याचा फोटो काढा आणि बिलाच्या फोटोसोबत ठेवा. पुढे अपडेटने जाहिराती आल्या तर दुसरा फोटो काढून कंपनीला ईमेल करा. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीत ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ (ग्राहकाला फसवणारी पडद्यावरची मांडणी) मार्गदर्शक सूचनांचा उल्लेख करा. त्यातल्या १३ प्रकारांत छुपी जाहिरात आणि सतत टोचत राहणे हे दोन्ही आहेत. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षे, म्हणून दुसऱ्या फोटोवरची तारीख पुसू देऊ नका.