तेलाच्या देशाचा व्यापार कसा तपासावा

‘बिगर-तेल निर्यातीचा वाटा वाढला’ अशी बातमी दिसली की मी आधी त्या वर्षीचा तेलाचा भाव काढतो. तुम्हीही तेच करा. समजा, देशाची निर्यात १०० अब्ज डॉलर. त्यात ९० अब्जांचं तेल, १० अब्जांचा इतर माल. भाव निम्म्यावर आला की तेलाचे ४५ उरतात, इतर माल १० चाच राहतो, पण त्याचा वाटा १० टक्क्यांवरून १८ वर जातो. नवा कारखाना एकही नाही! ब्रेंट तेल (जगभरात भाव ठरवताना प्रमाण मानलं जाणारं कच्चं तेल) जून २०१४ मध्ये पिंपाला ११० डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली आलं. त्या काळातले टक्के बाजूला ठेवा, रक्कम बघा. मिळाले तर टन बघा.

मग तो ‘इतर माल’ उकलायला घ्या. दुबईसारख्या बंदरात उतरून तसाच पुढे जाणारा माल ही पुनर्निर्यात, ती वजा करा. आखाती देशांतली खतं, प्लास्टिक, ॲल्युमिनियम यांमागे बहुधा तिथलंच स्वस्त तेल-वायू असतं. तो रोजगार खराच, पण तेलापासून सुटका नव्हे.

माझा सगळ्यात जास्त वेळ जातो विनिमय दरावर. तेलाचे डॉलर आले की देशाचं चलन महागतं, बाहेरचा माल स्वस्त पडतो आणि शेतकऱ्याच्या मालाला परदेशात गिऱ्हाईक राहत नाही. नायजेरियातल्या कानो शहरात शेंगदाण्याच्या पोत्यांचे पिरॅमिड रचलेले असत. १९७० च्या दशकात ते दिसेनासे झाले. दुष्काळ आणि पिकावरचा रोगही नडला, हे मान्य. पण नायरा या तिथल्या महागड्या चलनामुळे शेतीला पुन्हा उभं राहणं अवघड झालं. इंडोनेशियाने तेलाचा पैसा येत असतानाच, नोव्हेंबर १९७८ मध्ये, डॉलरचा दर ४१५ रुपियांवरून ६२५ वर नेला. रबर, कॉफी पिकवणाऱ्यांना प्रत्येक डॉलरमागे जास्त रुपिया मिळू लागले. हे धाडस मला फार मोलाचं वाटतं.

आयातीची यादीही सोडू नका. नायजेरियाने वर्षानुवर्षं कच्चं तेल विकलं आणि पेट्रोल विकत आणलं. तेलाचा भाव पडलेल्या वर्षी सरकारने कशाची आयात रोखली ते शोधा. यंत्रं आणि सुटे भाग अडले असतील, तर कारखानेही अडतात, म्हणून बिगर-तेल निर्यातीचे पुढच्या दोन-तीन वर्षांचे आकडेही लगेच काढून बघा.