इंग्लिश इडियम पाठ करू नका, जोड्या लावा

वाळूजला पहिल्या नोकरीत होतो तेव्हाचं सांगतो, संध्याकाळी मीटिंगमधी साहेब म्हणले "ओके, लेट्स कॉल इट अ डे" अन् मी मोबाईल काढून बसलो की आता फोन कोणाला लावायचाय. सगळे बॅगा उचलून निघाले तेव्हा कळलं, आजच्यापुरतं बास, चला घरी, एवढंच होतं ते.

म्हणून सुटे शब्द घेऊन अर्थ काढत बसू नका. इडियम कानावर पडला की कोण कोणाला कशावरून बोललं ते अख्खं वाक्य वहीत लिहा अन् तिथं आपली आजी असती तर काय म्हणली असती ते शेजारी लिहा. पीस ऑफ केक म्हणजे डाव्या हाताचा मळ. बीट अराउंड द बुश हे मूळचं शिकारीतलं, काहीजण झुडपं बडवून पाखरं उठवायचे अन् पकडायचे दुसरेच, त्यावरून मुद्द्याला हात न घालता गोल गोल बोलणं, आपलं ताकाला जाऊन भांडं लपवणं. उसने पैसे मागायला आलेला पाहुणा अर्धा तास सोयाबीनच्या भावावरच बोलायलाय ना, तेच ते.

सगळ्यात भारी जोडी ब्लू मूनची. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणतात, २०२३ च्या ऑगस्टमधी आला होता, अन् त्याच साली आपला धोंड्याचा महिना पण होता. दोन्ही साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी येतात कारण चंद्राचं अन् सूर्याचं गणित जुळत नाही. तर वन्स इन अ ब्लू मून म्हणजे सठीसहामाशी, जावई धोंडे खायला येतो तसं.

क्रोकोडाइल टिअर्स, व्हाइट एलिफंट सोडा, मगरीचे अश्रू अन् पांढरा हत्ती आपल्याकडं कधीच आलेत.

ब्रेक अ लेग मात्र जपून. स्टेजवर जाणाऱ्याला शुभेच्छा म्हणून ते चालतं, गॅदरिंगच्या नाटकाला म्हणा. नवी गाडी घेऊन तुळजापूरला निघालेल्या मामाला म्हणू नका, मामी उंबऱ्यावरच झापतील.

शब्द पण बदलू नका, स्लाइस ऑफ केक म्हणलं की खरंच केक मागितल्यासारखं होतं. अन् अंडर द वेदर फक्त अंगात कसकस आहे, बरं वाटंना, एवढ्यापुरतंच. डेंग्यूनं ॲडमिट असाल तर रजेच्या मेलमधी सरळ तसंच लिहा, नाहीतर साहेब म्हणतील दुपारून या.