आगळ, सोलं, आमसूल, कोकम: कुठलं कशाला घ्यायचं

आमच्याकडून आगळाची बाटली घेऊन गेलेल्या पाहुण्यांचा फोन हमखास येतो, अहो सरबत खारट लागतंय. लागणारच, कारण आगळ म्हणजे रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालींना मीठ लावून सुटलेला रस, त्यात साखर नसतेच. सरबताला अमृत कोकम मागा, त्यात फळाच्या वाट्यांमधे साखर भरून बरणी उन्हात ठेवलेली असते.

म्हणून आधी नावं फोडून बघा. राता म्हणजे लाल, संस्कृत रक्त, प्राकृतात रत्त, त्याचं राता. रातांबा पिकल्यावर लालजांभळा होतो तो पाहिलात की पटेल. रातांबा हे फळ, सिंधुदुर्गात त्यालाच भिरंड म्हणतात. सोलणे वरून सोल, म्हणजे फळाची काढलेली साल, आणि आमसुलातलं सूल पण तेच. त्यामुळे आमसूल म्हणा, सोलं म्हणा नाहीतर दुकानातलं कोकम, वस्तू एकच, सुकवलेली साल. एप्रिल-मे मधे फळं फोडून साली त्याच्याच रसात मीठ घालून बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, परत बुडवायच्या, असं चार-पाच वेळा, तेव्हा कुठे ती काळपट आणि मऊ होतात. घेताना दाबून बघा, कडक कडकडीत असतील तर नको. बिया पण फुकट जात नाहीत, त्यांचं कोकमतेल काढतात, ते घट्ट गोळ्यासारखं असतं, टाचांच्या भेगांना चोळायला त्यासारखं दुसरं काही नाही.

आता सोलकढी. कढी हा शब्द कढणे वरून आलाय म्हणून माझ्या विदर्भातल्या वहिनीने पहिल्यांदा ती सरळ गॅसवर ठेवली, नारळाचं दूध फाटलं आणि बिचारी रडवेली झाली. ही कढी कढवायची नसते! आठ-दहा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजत घाला, चांगली कुस्करून पाणी गाळून घ्या. एका नारळाचं खोबरं, दोन लसूण पाकळ्या आणि एक हिरवी मिरची वाटून दूध पिळून काढा, त्यात हे पाणी थोडं थोडं घालत चव बघा, मीठ सगळ्यात शेवटी, कारण सोलांना आधीच मीठ असतं. रंग फिका गुलाबी आला की बास, वरून कोथिंबीर, आणि त्याच दिवशी संपवा.

सोलं नसतील तर आगळ चालतं, दोन-तीन चमचे, पण मग मीठ घालूच नका.