२०२० मध्ये पबमध्ये जेवायला जायचं तर टेबल साडेसहाचं

कोविडच्या साथीत इंग्लंडमध्ये २४ सप्टेंबर २०२० पासून पब रात्री दहाला बंद व्हायला लागले होते. दहाला शेवटची ऑर्डर नव्हे, दहाला दार बंद! किचन त्याच्या बरंच आधी आवरायचं, त्यामुळे आपल्या सवयीने साडेआठला घरातून निघालं तर चिप्सवर (तळलेल्या बटाट्याच्या फोडींवर) भागवावं लागायचं. टेबल साडेसहाचं आणि आधी फोन करूनच घ्यावं लागायचं. अंतर सोडल्यामुळे टेबलं कमी झाली होती.

बुकिंग करताना डोकी नीट मोजावी लागायची. सहाच्या नियमात (एकत्र जास्तीत जास्त सहा जण) इथे तान्हं बाळही धरायचे. दोन जोडपी आणि प्रत्येकी दोन मुलं, झाले की आठ! शेजारशेजारची दोन टेबलं घेऊन मधून प्लेटा सरकवायच्या, ही आपली युक्ती चालायची नाही. (विचारून पाहिलंय.)

फोन चार्ज करून न्यावा लागायचा. दारात एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) ॲपने क्यूआर कोड स्कॅन करावा लागायचा, नाहीतर नाव-नंबर द्यावा लागायचा. मेन्यूही बऱ्याचदा फोनवरच असायचा. बारपाशी उभं राहून मागवणं बंद होतं, सगळं टेबलावर यायचं.

मास्क बसल्यावर काढायचा, टॉयलेटला उठलं की परत चढवावा लागायचा. काढलेला मास्क ग्रेव्हीच्या वाटीशेजारी पडलेला मी रोज बघायचो. त्यासाठी खिशात एक छोटी पिशवी ठेवलेली बरी असायची.

बाहेरचा बाक मिळाला तर तोच बरा, हवा खेळती असायची. फक्त जाड जाकीट न्यावं लागायचं आणि चिप्स आधी संपवावे लागायचे, पाच मिनिटांत गारढोण व्हायचे.