काटा आधी शून्यावर आणायला सांगा

संभाजीनगर, लातूर, नांदेडमध्ये आता एसी लावलेली, चकाचक किराणा दुकानं झालीत. पोरं अदबीनं बोलतात, सामान गाडीपर्यंत आणून देतात. त्या अदबीपायीच आपण काट्याकडं बघत नाही. सुटे बदाम, खारीक, मनुके घेताना प्लास्टिकचा डबाही मालाबरोबर तोलला जातो. बदाम 900 रुपये किलो आणि डबा 40 ग्रॅमचा असेल, तर 36 रुपये नुसत्या डब्याचे गेले! म्हणून आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून ‘दादा, शून्य करा’ म्हणायचं. संकोच कशाचा? वजन मालाचंच धरायचं, हा नियमच आहे.

फळीवरच्या दराचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बिलात दर वेगळा लागला तर तो दाखवला की वाद मिटतो. काउंटरवरच्या पोराशी हुज्जत घालू नका, दर त्याच्या हातात नसतो; सरळ मॅनेजरला बोलवा. बिलासाठी मोबाइल नंबर देणं सक्तीचं नाही. छापील एमआरपीपेक्षा जास्त घेतले आणि दुकानात दाद लागली नाही, तर बिल जपून ठेवून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. मराठीतही बोलता येतं.