वारीचं स्पेशल पेज करताय? थीमच्या नादात या चुका टाळा

आषाढी जवळ आली की मराठी न्यूज साइट्सवर वारीची स्पेशल पेजेस दिसायला लागतात, आणि बऱ्याच पेजेसची थीम म्हणजे काय, तर वर केशरी पट्टा, कोपऱ्यात विठुराया, कडेने टाळ आणि तुळस. खाली बातम्या रोजच्यासारख्याच एकाखाली एक. सगळ्यात मोठी चूक हीच. थीमने वाचकाचं काहीतरी काम करायला हवं, नाहीतर ती नुसती सजावट होते आणि वर पेज स्लो करते ते वेगळंच.

खरं तर वारीला थीम शोधायची गरजच नाही, वाट हीच थीम. माऊलींची पालखी आळंदीहून निघते आणि पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत पंढरपूरला पोचते. हीच एक उभी रेघ पेजवर घ्या, मोबाइलवर अंगठा तसाही खालीच सरकत असतो, आणि प्रत्येक मुक्कामाला त्या दिवसाचे फोटो, व्हिडिओ, अभंगाचा ऑडिओ लावा. दिवे घाटाचा व्हिडिओ पुणे आणि सासवडच्या मधे, नीरा स्नान वाल्हे आणि लोणंदच्या मधे. आज पालखी कुठे आहे ते पेज उघडल्याउघडल्या दिसलं पाहिजे. 'फोटो', 'व्हिडिओ', 'ऑडिओ' असे टॅब करायची सवय सोडा, ती विभागणी आपल्या डेस्कच्या सोयीची आहे, ज्याची आई दिंडीत चालतेय तो माणूस गाव शोधत येतो. आणि तुकोबांची पालखी देहूहून निघून लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज अशी जाते, तिची रेघ वेगळीच हवी. दोन्ही एकात कोंबल्या तर गोंधळ नक्की.

आता रंग. केशरी पाहिजेच, पण पांढऱ्यावर केशरी अक्षरं नकोत. आरजीबीत (लाल, हिरवा, निळा यांच्या आकड्यांत) २५५, १५३, ५१ हा केशरी पांढऱ्यावर घेतला तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर, जेमतेम २.१ येतो, साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो. तोच रंग मागे ठेवून वर काळी अक्षरं घ्या, कॉन्ट्रास्ट ९ च्या वर जातो आणि भर उन्हात रस्त्यावर मोबाइल बघणाऱ्यालाही वाचता येतं.

फॉन्टच्या बाबतीत इंग्रजी थीम जशीच्या तशी उचलली की हमखास घोळ होतो. हेडिंगला लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, दिलेलं असतं, त्याने देवनागरीची शिरोरेघ तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो, तिथे शून्य करा. लाइन हाइट, म्हणजे ओळींमधलं अंतर, इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील तर पेजची भाषा मराठी म्हणून सेट आहे का ते आधी बघा, आणि फॉन्टमध्ये ती मराठी अक्षरं आहेत का तेही.

रिंगणाचा व्हिडिओ सगळ्यात वर ऑटोप्लेला, म्हणजे पेज उघडताच आपोआप सुरू होईल असा, लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण ब्राउझर आवाजासकट ऑटोप्ले सहसा होऊ देत नाही, म्हणजे अश्व धावतोय, हजारो लोक माऊली माऊली करतायत आणि पेज गप्प! रिंगण हे निम्मं तरी कानाने बघायचं असतं हो. त्यापेक्षा एक चांगली स्थिर फ्रेम ठेवा, त्यावर 'आवाजासह बघा' असं बटण द्या, डेटाही वाचतो. ती फ्रेम उभ्या स्क्रीनवर कशी कापली जातेय तेही बघा, लॅपटॉपवर आडव्या फोटोत अख्खं रिंगण दिसतं आणि मोबाइलवर मधला तुकडा उरून अश्वच गायब होतो, म्हणून मोबाइलसाठी वेगळा उभा क्रॉप करा. फोटोंची रुंदी आणि उंची कोडमध्ये लिहा, नाहीतर फोटो लोड होताना मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचकाचं बोट भलत्याच लिंकवर पडतं.

एक गोष्ट बहुतेक टीम आधी ठरवून ठेवत नाहीत. वाटेत अपघात झाला, कुणी वारकरी दगावला, तर ती बातमी फुलं आणि टाळ असलेल्या टेम्प्लेटमध्ये अजिबात जाऊ नये. सजावट, ॲनिमेशन, बॅकग्राउंडचा अभंग हे सगळं एका क्लिकमध्ये बंद होणारं साधं टेम्प्लेट पालखी निघायच्या आधीच तयार ठेवा, आणि रात्रपाळीला जो एकटा असतो त्याला ते बटण कुठे आहे हे दाखवून ठेवा.