आठळ्या फेकू नका : मृगाआधी धुवा, सुकवा, साठवा

मे अखेरीस कोकणात बरक्या (मऊ गऱ्यांच्या) फणसाच्या रसाच्या पोळ्या वाळत घालायची घाई असते. रस निघाला की आठळ्यांचे, म्हणजे फणसाच्या बियांचे, ढीग थेट उकिरड्यावर जातात. ही नासाडी थांबायलाच हवी. आठळी पिष्टमय आणि पोटाला आधार देणारी आहे. सुकवून दळली तर १०० ग्रॅम पिठात साधारण १० ते १२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे तांदळापेक्षा जास्तच. शिवाय तिच्यासाठी वेगळे खत-पाणी लागत नाही.

आठळ्या बिघडतात त्या पहिल्या एक-दोन दिवसांतच. ताज्या आठळीत निम्म्याहून अधिक पाणी असते आणि वर गराचा बुळबुळीत थर. तशाच पोत्यात भरल्या तर आत ऊब धरते, बुरशी येते, मोड फुटतात. म्हणून गरे काढल्याबरोबर आठळ्या टोपलीत घालून, निसरडेपणा जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांत चोळून धुवा. पडवीत सावलीला, वारा लागेल अशा एकेरी थरात पसरा. दीड-दोन दिवसांत वरचे पांढरे साल सुटून खुळखुळू लागते. भोके पडलेल्या, मऊ पडलेल्या तेव्हाच निवडून काढा.

पावसाळ्यात भाजीत, आमटीत घालायच्या आठळ्या तांबड्या मातीच्या पातळ चिखलात घोळवा आणि लेप सुकला की घरातल्या कोरड्या कोपऱ्यात ठेवा. मातीमुळे आतला ओलावा टिकतो, आठळी कडक होत नाही. जागा ओलसर असेल तर मात्र मोड येणारच.

पिठासाठी आठळ्या १० ते १५ मिनिटे उकडा आणि पांढरे साल सोला. आतला तांबूस पापुद्राही जमेल तितका खरवडून काढा, कारण पीठ काळपट आणि तुरट होते ते त्याच्यामुळे. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करून कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. चकती वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. ढग आले तर वाळवणी यंत्रात ५५ ते ६० अंशांवर ठेवा. घाईने उष्णता वाढवलीत तर चकती वरून कोरडी दिसते, आत ओल राहते आणि डब्यातले पीठ आंबूस होते. १० किलो ताज्या आठळ्यांचे साधारण तीन-साडेतीन किलो पीठ पडते. त्याला चिकटपणा नसल्याने नुसत्या पिठाची पोळी तुटते. तीन वाट्या कणकेला एक वाटी हे पीठ पुरे.

आठळी कच्ची खाऊ नये. तिच्यात प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात, ते उकडल्या-भाजल्यावर निष्प्रभ होतात. निखाऱ्यात भाजताना आधी चीर द्या, नाहीतर वाफ कोंडून ती फुटते आणि अंगावर उडते.

रोपांसाठीच्या आठळ्या मात्र वाळवू नका. सुकल्या की त्या रुजत नाहीत, म्हणून धुऊन चार-पाच दिवसांतच पिशवीत लावा. ही रोपे मूळ झाडासारखी फळे देतीलच असे नाही. त्यांचा खुंट (कलमाचे खालचे मुळासकटचे रोप) म्हणून वापर करा आणि वर खात्रीच्या झाडाची किंवा दापोली कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण प्रॉलिफिक’ या फणसाच्या जातीची काडी कलम करून बांधा.